कचेरीची इमारत आणि बदलाचा हिशेब

जून २०२० मध्ये ठाण्यात बाळकुमच्या ग्लोबल इम्पॅक्ट हब या इमारतीत महापालिकेचे १,०२४ खाटांचे कोविड रुग्णालय सुरू झाले. इमारत रुग्णालय म्हणून बांधलेली नव्हती. काही आठवड्यांत तिच्यात खाटा लागल्या, प्राणवायूच्या नळ्या फिरल्या, अतिदक्षता विभाग उभा राहिला. त्या साथीत डोंबिवलीचे सावळाराम महाराज क्रीडासंकुल आणि पाटीदार भवन, कल्याणच्या लालचौकीची आर्ट गॅलरी यांनाही हेच काम करावे लागले. मार्च २०२१ मध्ये, म्हणजे वर्षही उलटले नव्हते तेव्हा, मुलुंडपलीकडे भांडुपला ड्रीम्स मॉलमध्ये आग लागली. मॉलच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय चालत होते. धूर तिथवर चढला आणि दहाहून अधिक रुग्ण दगावले. दोन्हीकडे एका कामासाठी बांधलेल्या जागेत दुसरे काम शिरले होते. क्रीडासंकुले आणि सभागृहे हे रूपांतर पेलू शकली, कारण मोठे मोकळे दालन, उंच छत, खेळती हवा आणि रुग्णवाहिका दारापर्यंत नेता येईल अशी जागा त्यांच्याकडे आधीपासून होती. मॉल मुद्दामच बंदिस्त बांधतात. आत आलेल्या गिऱ्हाइकाने लवकर बाहेर पडू नये हाच त्याचा धंदा. खाटेवरून उठू न शकणाऱ्या माणसाला तीच रचना जिवावर बेतते. इमारत किती बदलू शकेल हे तिचा पहिला नकाशा काढला जातो तेव्हाच बरेचसे ठरून जाते, एवढी एक गोष्ट या दोन घटनांतून घेऊन पुढे जाऊ.

या पुस्तकाचा विषय रुग्णालये नाहीत, कचेऱ्या आहेत. पण कचेरीइतकी वारंवार बदलणारी इमारत दुसरी नसेल. घरात माणसे बदलतात, राहणे तेच राहते. कचेरीत कामाची पद्धतच बदलते. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीचे पहिले औद्योगिक क्षेत्र म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट. तिथल्या यंत्रांच्या जागी पुढे कॉल सेंटर, सॉफ्टवेअर कंपन्या, बँकांची मागची कामे करणारी दालने आणि पासपोर्टचे कार्यालय आले. या प्रत्येक पाहुण्याची मागणी निराळी होती. कागदाच्या जमान्यातल्या कचेरीला फायलींच्या कपाटांचे वजन पेलणारी जमीन हवी होती. संगणक आल्यावर कपाटे गेली, पण तारा आणि थंड हवा यांच्यासाठी छताखाली आणि जमिनीवर जागा लागू लागली. कॉल सेंटर आले तशी एकेका मजल्यावर माणसे दाटीने बसू लागली. मग संडास कमी पडले, लिफ्ट कमी पडल्या, रात्रभर वीज लागली. २०२० नंतर निम्मी माणसे घरून काम करू लागली तेव्हा टेबले ओस पडली आणि छोट्या बैठकीच्या खोल्यांची ओरड सुरू झाली. हे चार टप्पे एका माणसाच्या नोकरीच्या काळात बसतात. एमआयडीसी भूखंड देते तो मात्र ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. जमिनीचा करार जवळजवळ शतकाचा, भाडेकरूचा करार तीन, पाच, फार तर नऊ वर्षांचा, आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली इमारत मात्र पहिल्या गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेली, अशी ही विसंगती आहे.

बदल होतच असतो, तो विचारून येत नाही. ठाण्यात गोखले रोड आणि राम मारुती रोड, डोंबिवलीत फडके रोड आणि मानपाडा रोड, कल्याणात शिवाजी चौकाच्या आसपास, कुठेही पहिल्या मजल्याकडे मान वर करून पाहावे. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये क्लास, दवाखाना, चार्टर्ड अकाउंटंटचे ऑफिस, पतपेढी, जिम. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. स्टेशनजवळच्या जागेला हेच शोभते. मुद्दा वजनाचा आहे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात कोणत्या वापरासाठी स्लॅबवर किती भार धरायचा याचे कोष्टक आहे. राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. सामानाची वेगळी खोली असलेल्या कचेरीसाठी २.५, तशी खोली नसेल तर ४. वर्गखोलीसाठी ३. फायली आणि दस्तऐवजांच्या खोलीसाठी ५. घर म्हणून आखलेल्या स्लॅबवर दस्तऐवजांची खोली थाटली, तर गृहीत भाराच्या अडीचपट भाराची जागा तिथे आली. सुरक्षिततेसाठी ठेवलेली शिल्लक काही वर्षे हे निभावून नेते, आणि निभावले म्हणून पुढचा माणूस आणखी थोडे चढवतो. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचे काम चालू असताना स्लॅब खाली आला, त्याने खालचे स्लॅबही पाडले आणि सहा माणसे गेली. या दोन्ही इमारती राहत्या होत्या, कचेऱ्या नव्हत्या. तरीही इथे त्यांचे नाव घ्यायला हवे, कारण बदलाची किंमत रुपयांत मोजायला बसण्याआधी ती आणखी कशात मोजली जाते हे ठाऊक असलेले बरे.

आता रुपयांकडे. ब्रिटिश वास्तुविशारद फ्रान्सिस डफी यांनी कचेरीच्या इमारतीकडे वेगवेगळ्या आयुष्याच्या थरांची रचना म्हणून पाहिले. सांगाडा सुमारे ५० वर्षे टिकतो. वीज, पाणी, वातानुकूलन, लिफ्ट या सेवा १५ वर्षांच्या आसपास. पार्टिशन आणि फॉल्स सिलिंग पाच-सात वर्षे. टेबलखुर्च्या तर महिन्यामहिन्याला हलतात. स्टुअर्ट ब्रँड यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात हीच मांडणी पुढे नेली. डफींच्या हिशेबाने पन्नास वर्षांत आतल्या बदलांवर होणारा एकूण खर्च मूळ बांधकामाच्या तिप्पट भरतो. हे आकडे लंडनचे आहेत, ठाण्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण त्यामागचा अनुभव लागू पडतो. १९६० च्या दशकात लंडनमध्ये बांधलेल्या अनेक कचेऱ्यांच्या मजल्यांची उंची बेताची होती. १९८० च्या दशकात संगणकांच्या तारांसाठी उचललेली जमीन आणि थंड हवेच्या नळांसाठी खाली आणलेले छत या दोन्हींना मिळून जागाच उरली नाही. सांगाडा धडधाकट असताना त्या इमारती पाडाव्या लागल्या. लंडनच्याच ब्रॉडगेट संकुलातल्या १९८० च्या दशकातल्या दोन इमारतींच्या वाट्याला तर जेमतेम पंचवीस वर्षे आली. थोडक्या आयुष्याचा थर दीर्घ आयुष्याच्या थरात चिणून टाकला की असे होते. आपल्याकडे विजेचा पाइप स्लॅबमध्ये घालून वर कोबा करण्याची आणि पाण्याचा नळ भिंतीत गाडण्याची जी सवय आहे, ती याच चुकीची घरगुती आवृत्ती. पंधरा वर्षांनी नळ गळला की भिंत फोडावी लागते.

तरीही ‘भविष्यासाठी सगळे आधीच करून ठेवा’ हा सल्ला मी देणार नाही, कारण तो हिशेबात टिकत नाही. कर्जाचा किंवा भांडवलाचा दर १० टक्के धरला तर २० वर्षांनंतरच्या एका रुपयाची आजची किंमत सुमारे १५ पैसे. म्हणजे एखाद्या सोयीवर आज ५ लाख जादा घातले, तर २० वर्षांनी तिने ३३ लाखांहून अधिक वाचवले पाहिजेत. नाहीतर ते पैसे दुसरीकडे गुंतवलेले बरे होते. बिल्डर आणि त्यांचे सल्लागार हा युक्तिवाद करतात तेव्हा ते चुकत नाहीत. पण तोच हिशेब पाच वर्षांच्या अंतरासाठी केला तर एका रुपयाचे ६२ पैसे उरतात, आणि ५ लाखांवर ८ लाखांची बचत पुरते. शिवाय दर करार संपला की ती पुन्हा होते. यातून निवडीची एक कसोटी मिळते. जो बदल दर काही वर्षांनी हमखास येणार, त्याची सोय थोडी महाग पडली तरी करावी. जो बदल वीस-तीस वर्षांतून एकदा येईल किंवा येणारही नाही, त्याची सोय आज स्वस्तात होत असेल आणि नंतर कोणत्याही किमतीला होणार नसेल, तरच करावी. बाकीचे सोडून द्यावे. बदलासाठी आखलेली इमारत म्हणजे सरकत्या भिंती, उचलती जमीन आणि चकचकीत यंत्रणा असे चित्र जाहिरातींनी तयार केले आहे. सरकत्या भिंतींपैकी बऱ्याच दोन-तीनदा सरकून कायमच्या थांबतात.

या कसोटीला उतरणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि दिसायला अगदी साध्या आहेत. पहिली मजल्याची उंची. एका स्लॅबपासून दुसऱ्यापर्यंत ३.६ मीटरऐवजी ४.२ मीटर घेतले तर दहा मजल्यांत ६ मीटर वाढतात, दीड मजल्याहून जास्त. यावर लगेच आक्षेप येतो की एवढा खर्च वाया गेला. पण स्लॅब तेवढेच राहतात, दारे आणि संडास तेवढेच राहतात. वाढते ती कॉलमची आणि बाहेरच्या भिंतीची उंची, जिन्याच्या पायऱ्या आणि नळांची लांबी. थंड करायची हवा वाढते आणि इमारत उंच झाली की अग्निशमनाच्या अटी कडक होतात, हेही खरे, आणि तो खर्च लपवू नये. मात्र एकदा स्लॅब पडला की त्या ६० सेंटिमीटरसाठी कोणी कितीही मोजायला तयार असला तरी ते मिळत नाहीत. वागळे इस्टेटमधल्या जुन्या औद्योगिक गाळ्यांना आजही गिऱ्हाईक आहे ते याचमुळे. यंत्रांसाठी ठेवलेली उंची आणि जड जमीन छापखान्याला चालली, गोदामाला चालली, ऑफिसलाही चालते. दुसरी गोष्ट स्लॅबचा भार. सगळीकडे ५ किलोन्यूटन धरणे उधळपट्टी ठरेल. प्रत्येक मजल्याचा एक पट्टा, शक्यतो लिफ्टच्या गाभ्यालगतचा, जास्त भारासाठी आखला आणि तो नकाशावर ठळक दाखवला की दस्तऐवज, बॅटऱ्या, सर्व्हर, लॉकर या सगळ्यांची जागा ठरते. तिसरी गोष्ट उभे शाफ्ट, त्यात थोडी रिकामी जागा आणि दर मजल्यावर आत जायला दार. चौथी जिने. वापर बदलला की माणसांची संख्या बदलते, आणि पुरेशा रुंदीचा दुसरा जिना मागाहून जोडणे जवळपास अशक्य असते. आपल्या भागापुरती पाचवी गोष्ट म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण परिसराने जे पाहिले त्यानंतर विजेचे मुख्य पॅनल आणि जनरेटर तळघरात ठेवणे हा हट्टच म्हणावा लागेल. ते वर ठेवले की पुढे त्यांची क्षमता वाढवणेही सोपे जाते.

‘आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे, तोडून पुन्हा केले तरी काय बिघडते?’ हा प्रश्न परदेशी आकडे दाखवणाऱ्याला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. लंडनमध्ये एक भिंत हलवायला जे पडते त्याच्या अंशात ठाण्यात पार्टिशन नवे होते. पण बदलाच्या बिलात मजुरी हा केवळ एक आकडा असतो. काम चालू असताना दोन जागांचे भाडे भरावे लागते, धंदा थांबतो, डेब्रिज वाहून न्यायचे असते, शेजारच्या गाळ्याला धूळ आणि आवाज सोसावा लागतो, परवानग्यांसाठी हेलपाटे होतात. यातले काहीही आपल्याकडे स्वस्त नाही. उलट स्वस्त मजुरीचा एक तोटा आहे. ब्रेकर चालवणारा हजार रुपयांत मिळत असेल तर संरचना अभियंत्याला विचारण्याचे पैसे कोणाला जड वाटणार नाहीत? आणि बीममधून एसीचा पाइप आरपार नेणारे भोक पडते ते अशाच दुपारी.

याहून वजनदार आक्षेप पुनर्विकासाचा. महामुंबईत इमारत जुनी झाली की ती सुधारत बसायचे नसते, पाडून उंच बांधायची असते. चटईक्षेत्र वाढत गेले आहे, आणि नव्या जादा क्षेत्राच्या विक्रीतून सगळा खर्च निघतो. मग साठ वर्षांचा विचार करून कोण बांधेल? नौपाड्यातल्या तीन-चार मजली इमारतींच्या जागी उभे राहिलेले टॉवर हा या युक्तिवादाचा पुरावा आहे, आणि पोखरण रस्त्यावरच्या रेमंडच्या कारखान्याच्या जागी आलेली घरे हाही. पण हे गणित कशावर चालले ते पाहिले पाहिजे. जुने बांधकाम कमी होते आणि नव्याला वाव मोठा होता. आज घोडबंदर रस्त्यावर किंवा वागळे इस्टेटमध्ये वीस-पंचवीस मजली कचेरी बांधली जाते ती मिळेल तेवढे सगळे चटईक्षेत्र वापरून, अधिमूल्य भरून घेतलेले जादा क्षेत्रही संपवून. चाळीस वर्षांनी ती पाडणाऱ्याला विकायला काय उरणार? चौथ्या मजल्याचा पंचविसावा झाला, पंचविसाव्याचा दीडशेवा होणार नाही. एवढी उंच इमारत दाट वस्तीत पाडणे हेच मोठे खर्चाचे काम, आणि तिच्यातले सिमेंट-पोलाद करताना जळलेले इंधन तर परत मिळतच नाही. पुनर्विकासाने आतापर्यंत आपल्या कच्च्या नियोजनाला जामीन दिला. आत्ता बांधल्या जाणाऱ्या पिढीच्या इमारतींना तो मिळणार नाही. म्हणून बदलाचा विचार जुन्या ठाण्यापेक्षा नव्या ठाण्याला अधिक लागू आहे, आणि कल्याण-शीळ रस्त्यावर पलावा आणि आसपास जे आत्ता उभे राहते आहे त्याला सर्वांत जास्त.

मग हे होत का नाही? कारण वास्तुविशारदांचे अज्ञान हे नसावे. या पुस्तकातल्या पुढच्या प्रकरणांत येणारे तंत्र त्यांना शिकवायची गरज नाही. जो खर्च करतो त्याला फायदा मिळत नाही, हे खरे कारण. बंगळूर-हैदराबादच्या मोठ्या कचेऱ्यांपैकी अनेक एका मालकाच्या असतात आणि भाड्याने दिल्या जातात. त्या मालकाला पुढचा भाडेकरू मिळवायचा असतो, म्हणून शाफ्टमधल्या रिकाम्या जागेची किंमत त्याला कळते. ठाणे-कल्याणात कचेरीची इमारत बहुधा गाळ्यागाळ्याने विकली जाते. बिल्डर विकून मोकळा होतो आणि बदलाचा खर्च तीनशे-चारशे चौरस फूट घेणाऱ्या शंभर मालकांच्या सोसायटीवर येतो. एकाला दोन गाळे जोडायचे असतात, दुसऱ्याला एसीचे बाहेरचे यंत्र ठेवायला जागा नसते, तिसरा मेंटेनन्सच भरत नाही. सामाईक शाफ्टमध्ये नवी केबल टाकायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. काँक्रीट मऊ असते तरी ही मालकी कडकच राहिली असती. त्यावर परवानगीचा थर आहे. आयटीच्या नावाने जादा चटईक्षेत्र घेतलेल्या इमारतीत ठरलेला वाटा आयटीसाठीच वापरण्याची अट असते, आणि मागणी आटली की त्या अटीपायी मजले कुलूपबंद राहतात. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसकट राज्यातल्या बहुतेक शहरांना एक नियम दिला, हे मोठे काम झाले. पण वापर बदलण्याचा रस्ता अजून प्रत्येक वेळी नव्याने चालावा लागतो.

इथे भांडुपची आठवण देणारा आक्षेप येईल: वापर बदलणे सोपे केले तर आणखी ड्रीम्स मॉल होतील. भीती खरी आहे. तिच्यावर उपाय बदल अवघड ठेवणे हा असता तर फडके रोडवरचे पहिले मजले अजून घरेच राहिले असते. अवघड परवानगीने बदल थांबत नाही, तो कागदावरून नाहीसा होतो, आणि कागदावर नसलेल्या रुग्णालयाचा जिना तपासायला अग्निशमन अधिकारी जात नाही. भोगवटा दाखला देतानाच ही इमारत कोणकोणत्या वापरांसाठी भार, जिने आणि आग या तीन बाबतींत पात्र आहे हे लिहून ठेवता येईल. त्या यादीतल्या वापरात जायचे तर केवळ कळवणे आणि तपासणी. यादीबाहेर जायचे तर पूर्ण परवानगी. कचेरीचा वर्ग किंवा बाह्यरुग्ण विभाग होणे पहिल्यात बसेल, खाटांचे रुग्णालय होणे दुसऱ्यात. असे झाले की जादा उंची आणि जादा जिन्याला बाजारात किंमत येईल, कारण लांब यादीचा गाळा महाग विकला जाईल. बिल्डरला उपदेश करण्यापेक्षा हे बरे.

सुरुवात करायला एक इमारत समोर आहे. ठाणे महापालिकेच्या नव्या उंच प्रशासकीय भवनाची पायाभरणी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. अंदाजे खर्च सुमारे ७०० कोटी, आणि शहरात विखुरलेले बहुतेक विभाग एका छताखाली आणण्याचा हेतू. इथे मालक एकच आहे, तो इमारत विकून जाणार नाही, आणि बदलाचे प्रत्येक बिल त्यालाच भरायचे आहे. आज खिडकीपुढे रांग लावणारी कामे मोबाइलवर जात आहेत. दहा वर्षांनी या भवनातल्या किती खिडक्या लागतील आणि किती मजले दुसऱ्या कामाला द्यावे लागतील हे आज कोणी सांगू शकत नाही, म्हणूनच ते आखणीत धरले पाहिजे. तेव्हा महापालिकेला एक विनंती. प्रत्येक मजल्याचा गृहीत भार, स्लॅबपासून स्लॅबपर्यंतची उंची, शाफ्टमधली शिल्लक जागा आणि जिन्यांची रुंदी हे चार आकडे काम पूर्ण होण्याआधी जाहीर करा आणि इमारतीच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लावा. मग तोच फलक शहरातल्या प्रत्येक नव्या कचेरीच्या भोगवटा दाखल्याची अट करा. कल्याण-डोंबिवली महापालिकेनेही तो उचलावा.